बाळाचा श्वास आणि घरचा निर्णय

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेले भाषण)



संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकरी थापत असेल, कुणी नुकती धार काढून आली असेल, कुठे गटाची बैठक बसली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आजचा विषय जड आहे. पण गेल्या महिन्यात एका गटाकडून निरोप आला आणि तो माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून बोलते आहे.

निरोप असा होता. “ताई, आमच्यातल्या एकीच्या सुनेचं बाळ चार महिने दवाखान्यात यंत्रावर आहे. डॉक्टर म्हणतात, गळ्याला छेद देऊन नळी बसवू, मग यंत्रासकट घरी नेता येईल. घरातले म्हणतात, नको. सून काहीच बोलत नाही. आम्ही काय सांगावं?”

मी सव्वीस वर्षं शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात, नवजात बाळांच्या विभागात परिचारिका होते. आपण ज्याला ‘बाळ काचेत ठेवलंय’ म्हणतो, त्या काचेच्या पेट्यांमध्ये माझी नोकरी गेली. असा निर्णय घेणारी घरं मी पुष्कळ पाहिली. त्यातून जे शिकले ते सांगते. आणि जिथे मी चुकले, तेही आज सांगणार आहे.

आधी हा आजार काय आहे ते बघू. आपल्या फुप्फुसात द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मताना असे काही कोटी फुगे असतात, मोठ्या माणसात तीस कोटींहून जास्त. या फुग्यांना आतून एक थर असतो, साबणाच्या पाण्यासारखा. त्यामुळे श्वास सोडल्यावर फुगा मिटून चिकटत नाही. हा थर पोटात साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा तयार होतो. बाळ २६-२७ आठवड्यांतच बाहेर आलं, तर फुगे थोडे आणि थर अपुरा. मग बाळाला ऑक्सिजन लागतो, काहींना व्हेंटिलेटर लागतो.

आपल्याकडे म्हणतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. बायांनो, हे खरं नाही. पोटातला एकेक आठवडा फुप्फुसाला बळ देतो. आठव्यातल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा नेहमी जास्त संधी असते.

आता गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, ज्या यंत्राने जीव वाचतो, त्याच यंत्राचा दाब आणि जास्त ऑक्सिजन त्या कोवळ्या फुप्फुसाला इजाही करतो. १९६७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड इथले क्ष-किरण तज्ज्ञ डॉ. विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. आजाराचं नाव ठेवलं ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेसिया. दवाखान्यात त्याला बीपीडी म्हणतात. आज यंत्रं पुष्कळ सुधारली आहेत, ऑक्सिजनही मोजून मापून देतात. पण फार लवकर जन्मलेल्या बाळांमध्ये हा आजार अजून दिसतोच.

यातल्या पुष्कळ बाळांना नाकातल्या बारीक नळीने थोडा ऑक्सिजन पुरतो. ती तशीच घरी जातात आणि काही महिन्यांत ऑक्सिजन सुटतो. आपण आज बोलतोय ते त्यांच्याबद्दल नाही. काही थोडी बाळं अशी असतात की तीन-चार महिने झाले तरी यंत्र काढलं की निळी पडतात. तेव्हा डॉक्टर आई-बापाला बोलावतात आणि विचारतात, पुढे काय करायचं?

तेव्हा वाटा साधारण तीन असतात.

पहिली, अजून काही आठवडे दवाखान्यातच थांबायचं. दूध, वजन, औषधं नीट करून पुन्हा यंत्र उतरवून बघायचं.

दुसरी, ट्रॅकिओस्टॉमी. म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला छोटा छेद घेऊन श्वासनळीत नळी बसवायची, तिला छोटं व्हेंटिलेटर जोडायचं. घरच्यांना सगळं शिकवायचं आणि बाळ घरी न्यायचं.

तिसरी, यंत्राने पुढे रेटायचं नाही. बाळाला वेदना होऊ नयेत, धाप लागू नये यासाठी औषध द्यायचं, त्याला आईच्या कुशीत ठेवायचं आणि जेवढा वेळ आहे तेवढा शांतपणे जाऊ द्यायचा.

दुसऱ्या वाटेला आशा कशाची असते? फुप्फुस वाढण्याची. नवे वायुकोश मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. मेलेला भाग जिवंत होत नाही, पण नवा भाग वाढतो. ओढ्याला पूर आला की आपण लाकडी साकव टाकतो ना, पाणी उतरेपर्यंत? तसं हे यंत्र. फुप्फुस वाढेपर्यंतचा साकव. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या डॉक्टरांनी २०१३ साली आपला जुना हिशोब मांडला. १९८४ ते २०१० या काळातली, हाच आजार असलेली, घरी व्हेंटिलेटरवर राहणारी १०२ मुलं. त्यातली ८३ जगली. ६९ मुलांचं यंत्र सुटलं, त्यातल्या बऱ्याच जणांचं दोन वर्षांच्या आसपास. ६० मुलांच्या गळ्यातली नळीही निघाली.

हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका आणि तो फेकूनही देऊ नका. १९ मुलं गेली, हेही त्यातच आहे. आणि तिकडे घरी मदतीला नर्स येते, वीज जात नाही, रुग्णवाहिका काही मिनिटांत दारात येते. आपल्या वाडीवर तसं नाही. म्हणून आपला हिशोब आपणच मांडायचा.

हा हिशोब कसा असतो, ते एका घराचं सांगते. नाव-गाव सांगत नाही. मुलगी झाली सत्तावीस आठवड्यांत, वजन ८८० ग्रॅम. बाप भाजीचा टेम्पो चालवायचा. घर दवाखान्यापासून नव्वद किलोमीटर. चार महिने यंत्र सुटेना. डोक्याची सोनोग्राफी चांगली होती, हृदयावर ताण थोडाच होता, हसायला लागली होती. घरच्यांनी नळीला हो म्हटलं.

पण घरी सोडलं त्यानंतर दोन महिन्यांनी. का? तर आधी आई आणि आजी दोघींना शिकवावं लागलं. नळीत कफ साठतो, तो सक्शन मशीनने ओढून काढायचा. दिवसातून किती वेळा याला मोजमाप नाही. नळी ठरल्या दिवशी बदलायची. अचानक निघाली तर घाबरून न जाता दुसरी बसवायची. त्यासाठी त्याच मापाची एक आणि एक नंबर लहान अशा दोन नळ्या कायम उशाशी. नळी बुजली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर काही मिनिटांत बाळ हातचं जातं. म्हणूनच अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०१६ साली सांगून ठेवलं की घरातली किमान दोन माणसं शिकलेली हवीत आणि बाळाजवळ एक शिकलेलं माणूस सतत जागं हवं. सतत म्हणजे रात्रीसुद्धा.

त्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. मला म्हणाली, “सिस्टर, म्हशीच्या रेडकाला नळीनं दूध पाजलंय मी. हे तर माझं नातवंड आहे.”

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. गळ्यात नळी असली की सुरुवातीला बाळाचा आवाज बाहेर येत नाही. रडतं, पण ऐकू येत नाही. त्या आईला हेच सगळ्यात जड गेलं. मग आजीने बाळाच्या पायात घुंगरांचे वाळे घातले. पाय झाडले की वाळे वाजायचे आणि स्वयंपाकघरात असलेल्या आईला कळायचं. त्या घरात अडीच वर्षं वाळे वाजले. खोलीत इन्व्हर्टर बसवला, सिलिंडर भरून ठेवला, वायरमनला आधीच सांगून ठेवलं. चूल परसात नेली, कारण धूर बाळाच्या फुप्फुसाचा वैरी, आणि ऑक्सिजनजवळ विस्तव म्हणजे आगीला आमंत्रण. बापाने विडी सोडली. देवापुढचा दिवासुद्धा दुसऱ्या खोलीत गेला.

अडीच वर्षांनी यंत्र सुटलं. साडेतीनाला नळी निघाली. आता पोरगी अंगणवाडीत जाते. पळाली की दम लागतो, आवाज घोगरा आहे, सर्दी झाली की सगळं घर जागं राहतं. आणि आईचं काय? शिवणकाम बंद झालं. दोन वर्षं एका लग्नाला गेली नाही. गटाचे हप्ते थकले. आज तिला विचारलं, तर ती म्हणते, पुन्हा केलं असतं. पण सोपं होतं असं ती म्हणत नाही.

आता दुसऱ्या आईचं सांगते. हे सांगायला मला वेळ लागला.

तिचा मुलगा पंचवीस आठवड्यांतला. फुप्फुस खराब होतंच, शिवाय मेंदूत मोठा रक्तस्राव झालेला. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण वाढत चाललेला. महिन्याभरात यंत्राचा दाब कमी व्हायच्या ऐवजी वाढवावा लागत होता. डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं की नळी बसवता येईल, पण यंत्र सुटण्याची आशा आम्हाला दिसत नाही. तिने दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, नको.

मी तिथे उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “आई ना तू? मग नको कसं म्हणवतं?”

ती काही बोलली नाही. पाच दिवसांनी यंत्र काढलं. बाळाला औषध दिलेलं होतं, ते शांत होतं. तिने त्याला छातीशी घेतलं. जन्मल्यापासून मधे काच आणि नळ्या नसताना तिने त्याला पहिल्यांदाच घेतलं होतं. तासाभराने ते गेलं. जाताना ती मला म्हणाली, “सिस्टर, त्याला आणखी टोचू नये, एवढंच वाटत होतं मला.”

त्या बाईने दोन रात्री जागून, सगळं समजून घेऊन ठरवलं होतं. माझं मात्र एक वाक्य तिच्या पदरात पडलं आणि ते ती घरी घेऊन गेली. ती आज ऐकत असेल-नसेल. ऐकत असेल तर, बाई, मी चुकले. मला माफ कर.

म्हणून मैत्रिणींनो, निरोप पाठवणाऱ्या गटाला माझं पहिलं सांगणं हेच. हो म्हणणारी आई प्रेमळ आणि नको म्हणणारी निष्ठुर, असं काही नसतं. एकाच आजाराच्या दोन बाळांची उत्तरं वेगळी असू शकतात, कारण फुप्फुसाशिवाय बाकीचं शरीर वेगळं असतं आणि घरही वेगळं असतं. उंबऱ्यावर बसून निवाडा देऊ नका.

दुसरं. ‘सून काहीच बोलत नाही’ असं तुम्ही कळवलंत. तिला कुणी विचारलंय का? माझ्या विभागात सह्या बहुधा बाप करायचा, बोलायचे सासरे नाहीतर मामा, आणि रात्रभर बाळाजवळ बसायची ती आई. नळी साफ करणार कोण, रात्री जागणार कोण? तीच. मग तिला न विचारता हो म्हणणंही चूक आणि नको म्हणणंही चूक. तुमच्यातली एक जण, तिच्या विश्वासातली, तिच्यासोबत जा. तिला आधी जेवू घाला, झोपू द्या. आणि मग विचारा, “तुला काय वाटतं गं?” लगेच उत्तर येणार नाही. थांबा.

तिसरं. एका बैठकीत ठरवू नका. डॉक्टरांकडून वेळ मागून घ्या, दोनदा-तीनदा बसा. प्रश्न वहीत लिहून न्या. मी सांगते ते लिहून घ्या.

एक. आजार फक्त फुप्फुसाचा आहे की मेंदूचा, हृदयाचाही आहे?

दोन. गेल्या महिन्याभरात बाळ सुधारतंय, तिथेच आहे की खालावतंय?

तीन. चांगल्यात चांगलं काय होईल, वाइटात वाईट काय होईल, आणि तुम्हाला बहुतेक काय होईल असं वाटतं?

चार. घरी गेल्यावर आमचा दिवस कसा जाईल? सोडण्याआधी आम्हाला इथेच सगळं हाताने करू द्याल का?

पाच. अशीच नळी बसवलेल्या बाळाच्या आईशी बोलता येईल का?

सहा. दवाखान्याचा खर्च योजनेत बसतो का? घरचं यंत्र, सक्शन, ऑक्सिजन, नळ्या, हे बसतं का? हे डॉक्टरांना नाही, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. दागिने मोडायच्या आधी विचारा.

सात. सुरू केलं आणि उपयोग झाला नाही, तर थांबता येतं का? पुन्हा कधी बसून बघायचं?

आठ. नळी नको ठरवलं, तर बाळाला त्रास होऊ नये म्हणून काय कराल?

सातव्या प्रश्नाबद्दल थोडं बोलते, कारण तिथे लोक घाबरतात. पुष्कळदा निर्णय एकदम जन्माचा करावा लागत नाही. ‘अजून चार आठवडे बघू, मग अमुक अमुक झालं का ते पाहून ठरवू’ असं म्हणता येतं. आणि बरं होण्याची आशा नसलेल्या माणसाचं यंत्र थांबवता येतं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलं आहे. त्याची रीत २०२३ साली थोडी सोपीही केली. ती एका डॉक्टरच्या मर्जीने होत नाही. डॉक्टरांची मंडळं बसतात, सगळं लेखी होतं. तुमच्या रुग्णालयात ही रीत कशी आहे, ते विचारून घ्या. विचारणं हा गुन्हा नाही.

आठवा प्रश्नही तितकाच मोठा. पैसे संपले, घरातले थकले, मग एक दिवस सही करून बाळ तसंच उचलून नेतात. वाटेत गाडीत ते तडफडतं. हे मी पाहिलंय, आणि हे कुठल्याच बाळाच्या वाट्याला येऊ नये. नको म्हणायचं असेल तर सरळ नको म्हणा आणि वेदनेचं, धापेचं औषध हक्काने मागा. बाळाचं मरण टळत नसेल, तरी त्याचे हाल टाळता येतात.

आणि एक प्रश्न आपण आपल्याला विचारायचा. डॉक्टरांना नाही, घरातल्या घरात. बाळ मुलगी असेल तर विचारा, “हा मुलगा असता तर आपण हेच ठरवलं असतं का?” उत्तर नाही असं आलं, तर पुन्हा पहिल्यापासून बसा. ‘पोरीसाठी एवढं कोण करणार’ हे वाक्य मी काचेच्या पेटीशेजारी उभं राहून ऐकलं आहे. ते बोलणाऱ्यांत बायाही होत्या.

आता शेवटचं. गटाने काय करावं? हो ठरलं, तर बाळाचे लाड करायला गर्दी करू नका. सर्दी-खोकला असलेलीने उंबरा ओलांडू नये, हात धुतल्याशिवाय बाळाला शिवू नये. बाळाच्या लसी वेळेवर व्हायला हव्यात, आशाताईंना आठवण करा. गटातल्या दोघींनी दवाखान्यात जाऊन नळीचं शिकून घेतलं, तर त्या आईला आठवड्यातून दोन रात्री तरी झोप मिळेल. तिचा हप्ता दोन-चार महिने पुढे ढकला. एकशे आठ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

नको ठरलं, तर तिच्या घरी जा. बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते नाव घ्या. ‘बरं झालं सुटलं’ म्हणू नका, ‘दुसरं होईल’ म्हणू नका. बाळ गेलं तरी तिला पान्हा फुटलेला असतो, अंगात ताप येतो, ते दुखणं कुणाला सांगवत नाही. तिच्यासोबत आरोग्य केंद्रात जा. आणि महिन्याभराने, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर, पुन्हा एकदा जा.

निरोप पाठवणाऱ्या बायांनो, त्या बाळाचं काय ठरवावं, हे मी इथून सांगू शकत नाही. त्याची तपासणी माझ्यासमोर नाही, तुमचं घर माझ्यासमोर नाही. पण उद्या सकाळी काय करायचं, ते सांगते. वही घ्या, आठ प्रश्न लिहा, दोन भाकरी बांधून घ्या आणि त्या सुनेकडे दवाखान्यात जा. आधी तिला खाऊ घाला. मग तिच्या शेजारी बसा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या. नमस्कार.